लांब पल्ल्याच्या वाटा अनवाणी: कोणी चाललंय का?

पायरव | ४ फेब्रुवारी, रात्री १०:४८

नमस्कार. तीन वर्षं इथे नुसती वाचनमात्र आहे, धागा पहिलाच. चुकलं तर सांभाळून घ्या.

गेल्या वर्षी आठ दिवसांच्या एका वाटेवर होते. बूट नवे नव्हते, चांगले रुळलेले होते, तरी तिसऱ्या दिवशीच्या लांबलचक उतरणीवर दोन्ही अंगठ्यांची नखं काळीनिळी झाली. चौथ्या दिवशी ओढा ओलांडायला बूट काढले, पलीकडे जाऊन पाय पुसले, आणि पुन्हा बुटात पाय घालवेना. मोजे हातात धरून दहा मिनिटं तशीच बसून राहिले. शेवटी बूट सॅकला लटकवले आणि निघाले. वाट पालापाचोळ्याची, मऊ. चार किलोमीटर कधी संपले कळलं नाही. म्हणजे कळलं, एकेक पाऊल कळलं, तीच तर गंमत होती. ओली माती बोटांच्या बेचक्यांतून वर येते ती. झाडाचं मूळ बरोबर तळव्याच्या खोलगट भागात बसतं ते. बारा वर्षं वाटा तुडवतेय, पण त्या पायाला कधी माहीतच नव्हत्या.

तेव्हापासून डोक्यात किडा शिरलाय. ऑक्टोबरमध्ये ३४० किलोमीटरची एक वाट करायची आहे, २३ दिवसांची, आणि ती अनवाणी. दोन महिने झाले, आठवड्यातून चार दिवस मातीच्या मैदानात तीन-तीन किलोमीटर चालते. तळवे बऱ्यापैकी राठ झालेत.

प्रश्न असे: कातडी अजून किती जाड व्हायला हवी? पाठीवर ११ किलो असताना काय फरक पडतो? खडीच्या रस्त्याचं काय करायचं? आणि सोबत बूट न्यावेत का, की नेले म्हणजे मन डळमळतं?

घरच्यांनी वेड्यात काढून झालेलं आहे, तेव्हा तो मुद्दा कृपया इथे नको.

आळशी_कासव | ४ फेब्रुवारी, रात्री ११:०५

वाचतोय. माझा अनुभव: रात्री अंधारात पाणी प्यायला उठलो, लेकीच्या खेळण्यातल्या प्लॅस्टिकच्या ठोकळ्यावर पाय पडला. एकूण अंतर अडीच मीटर. तळपायाची आग मस्तकात म्हणजे काय ते त्या रात्री कळलं. ३४० किलोमीटरला मनापासून शुभेच्छा.

खडेबोल | ५ फेब्रुवारी, सकाळी ८:१२

वेड्यात काढत नाही, पण आयडीला जागतो.

माणसाने पादत्राणं हौस म्हणून शोधली नाहीत. अमेरिकेत ओरेगनमधल्या फोर्ट रॉक गुहेत झुडपाच्या सालीच्या विणलेल्या चपला सापडल्या, त्या जवळपास १० हजार वर्षांपूर्वीच्या आहेत. आर्मेनियातल्या गुहेतला चामड्याचा बूट साडेपाच हजार वर्षांचा. शिकारीतून सवड काढून ज्या माणसाने साली सोलल्या, वळल्या आणि चप्पल विणली, त्याचे तळवे तुमच्या-माझ्यापेक्षा नक्कीच राठ होते. तरी त्याला चप्पल हवीशी वाटली. का, ते खडीवर गेलात की कळेल.

नखं काळी झाली म्हणजे उतरणीवर पाय बुटात पुढे सरकत होता. बूट अर्ध्या मापाने मोठा घ्या, उतार लागायच्या आधी घोट्यापाशी नाडी आवळून बांधा. प्रश्न मिटला.

पायरव | ५ फेब्रुवारी, सकाळी ९:३०

नाडीचं बरोबर असणार, करून बघेन. पण मला प्रश्न मिटवायचा नाहीये हो. मला ते चार किलोमीटर परत हवेत.

ओलीवाट | ५ फेब्रुवारी, रात्री ९:१४

हा धागा कोणीतरी काढावा असं फार दिवस वाटत होतं. नऊ वर्षं अनवाणी चालतोय. सलग सर्वांत मोठी चाल १९ दिवसांची. त्याआधी एकदा सपशेल तोंडावर आपटलोय, म्हणून आधी तेच सांगतो.

पायरव, तुमचा पहिला प्रश्न कातडीचा आहे. सगळ्यांचा पहिला प्रश्न तोच असतो, माझाही होता. कातडी हा ह्या सगळ्या प्रकरणातला सर्वांत सोपा भाग आहे. दोन-तीन महिन्यांत ती तयार होते आणि मग माणसाला फसवते. माझे तळवे तिसऱ्या महिन्यात मस्त झाले होते, बारीक खडे टोचेनासे झाले, म्हणून दहा दिवसांच्या वाटेवर गेलो. पाठीवर १३ किलो. पाच दिवस राजासारखा चाललो. सहाव्या दिवशी दुपारी उजव्या पायाच्या वरच्या बाजूला, तळव्याला नव्हे, वरच्या बाजूला, दुसऱ्या बोटाच्या रेषेत ठणका सुरू झाला. बोटाने चाचपलं तर एका नाण्याएवढ्या जागी दुखत होतं, आजूबाजूला काही नाही. वाटलं शीर आखडली. सातव्या दिवशी तसाच चाललो, कारण तळवे ठणठणीत होते ना! आठव्या दिवशी सकाळी तंबूतून बाहेर पडताना पाय टेकवेना.

एक्स-रे काढला तर स्वच्छ. मुरगळ म्हणून पट्टी बांधून घरी पाठवलं. तीन आठवड्यांनी पुन्हा काढला तेव्हा हाडावर गाठीसारखा पांढुरका भाग दिसला. तडा गेला होता आणि तो भरून येत होता. अडीच महिने घरी बसलो.

तात्पर्य म्हणा हवं तर: कातडीला महिने लागतात, हाडांना आणि कंडरांना (स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोऱ्यांना) त्याच्या तिप्पट. तुमचे दोन महिने मैदानातले आणि बिनओझ्याचे आहेत, म्हणजे खरी तयारी अजून सुरूच व्हायचीय. ऑक्टोबर अशक्य नाही, पण आजपासून वाढ अगदी मुंगीच्या पावलाने करा. आणि एका वेळी एकच गोष्ट वाढवा: अंतर, नाहीतर वजन, नाहीतर जमिनीचा खडबडीतपणा. मी तिन्ही एकदम वाढवल्या होत्या.

खडी आणि चालण्याच्या पद्धतीबद्दल उद्या लिहितो, आता डोळे मिटतायत.

मलमपट्टी | ५ फेब्रुवारी, रात्री १०:४०

ओलीवाट यांनी सांगितलेलं दुखणं आमच्याकडे नेहमी येतं (मी अस्थिरोग विभागात आहे). ह्याला मार्च फ्रॅक्चर म्हणतात. मार्च म्हणजे महिना नव्हे, सैनिकांची कूच. प्रशियाच्या सैन्यातल्या ब्राइटहाउप्ट नावाच्या डॉक्टरने १८५५ मध्ये लांब कूच केलेल्या सैनिकांच्या सुजलेल्या पायांचं पहिलं वर्णन केलं. क्ष-किरणांचा शोध लागायच्या ४० वर्षं आधी, म्हणजे आत हाडाला तडा आहे हे त्याला दिसणं शक्यच नव्हतं. आजही पहिले दोन-तीन आठवडे साध्या एक्स-रेत तो बहुधा दिसत नाही, त्यामुळे ह्यात कोणाची फार मोठी चूक झाली असं मी म्हणणार नाही. पण पायाच्या वरच्या बाजूला, एका बोटाने दाखवता येईल अशा ठिकाणी दुखत असेल तर चालणं तिथेच थांबवायचं. एक्स-रे स्वच्छ असला तरी.

हाडाचं गणित असं: ताण आला की हाड आधी थोडं खरवडलं जातं आणि मग नव्याने, जास्त मजबूत बांधलं जातं. खरवडण्याचं काम आठवड्यांत होतं, बांधकामाला महिने लागतात. मधल्या काळात हाड पूर्वीपेक्षा कच्चं असतं. लोक नेमके त्याच काळात उत्साहात असतात.

२०१३ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे, धावणाऱ्यांवरचा. पातळ तळाच्या, पाच बोटांच्या जोड्यांची हळूहळू सवय करायला १० आठवडे दिले. एमआरआयमध्ये त्या गटातल्या १९ पैकी १० जणांच्या पायाच्या हाडांत सूज वाढलेली दिसली. तीही हळूहळू सवय करूनच, आणि पाठीवर सॅक नसताना.

पायरव, धनुर्वाताची लस शेवटची कधी घेतली? दर १० वर्षांनी घ्यायची असते. मातीतली खोल जखम असेल आणि पाच वर्षं उलटली असतील तर लगेच. निघायच्या आधी घेऊन टाका.

शंकासुर | ६ फेब्रुवारी, सकाळी ७:२०

पण अबेबे बिकिलाचं काय? इथिओपियाचा हा गडी १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये अख्खी मॅरेथॉन अनवाणी धावला आणि सुवर्णपदक घेऊन गेला. २ तास १५ मिनिटं १६ सेकंद. विश्वविक्रम!

खडेबोल | ६ फेब्रुवारी, सकाळी ७:४१

आणि चार वर्षांनी टोकियोत तोच बिकिला बूट घालून धावला. २ तास १२ मिनिटं १२ सेकंद. पुन्हा सुवर्ण, पुन्हा विश्वविक्रम. हा अर्धा भाग अनवाणीवाले कधी सांगत नाहीत.

आळशी_कासव | ६ फेब्रुवारी, सकाळी ७:५५

पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

नकाशाकिडा | ६ फेब्रुवारी, दुपारी १:०३

मॅरेथॉनचं उदाहरण इथे फारसं कामाचं नाही. डांबर सपाट असतं आणि सव्वादोन तासांत संपतं. लांब पल्ल्याचं उदाहरण हवं असेल तर अमेरिकेतली अॅपलाचियन वाट घ्या. जॉर्जिया ते मेन, १४ राज्यं, जवळपास साडेतीन हजार किलोमीटर. २००० साली दोन सख्ख्या बहिणी मेनच्या टोकाकडून दक्षिणेला निघाल्या, बहुतांश अनवाणी. जॉर्जियाला पोचल्या आणि तिथून उलट चालत परत उत्तरेला गेल्या. कडाक्याच्या थंडीत मात्र त्यांनाही पायात काहीतरी चढवावं लागलं. ह्याच वाटेचा पेनसिल्व्हेनियातला भाग दगडांसाठी बदनाम आहे. सुळक्यासारखे उभे रोवलेले, धारदार कडांचे दगड मैलोन्‌मैल. तिथे बूटवालेही रडतात.

म्हणजे होऊ शकतं. पण त्या बहिणींना घाई नव्हती, हे विसरू नका.

ओलीवाट | ६ फेब्रुवारी, रात्री ८:५०

घाई नव्हती. नकाशाकिडाने नेमक्या ठिकाणी बोट ठेवलं.

काल अर्धवट राहिलेलं आता लिहितो. अनवाणी चालण्यात पहिली जाते ती गती. बुटात मी सपाट वाटेवर ताशी साडेचार किलोमीटर चालतो. अनवाणी, ओझ्यासह, मिश्र जमिनीवर अडीच, फार तर तीन. खडीवर दीड. त्यामुळे पायरव, तुमचे २३ दिवस बुटाच्या हिशोबाने मांडलेले असतील तर ते आधी पुन्हा मांडा. दिवस वाढले की शिधा वाढतो, शिधा वाढला की वजन वाढतं, आणि वजन सगळं उतरतं तळव्यांवर. बूट घरी ठेवून वाचवलेलं एक किलो असं मागच्या दाराने परत येतं. ट्रेकर मंडळींचा जुना हिशोब आहे की पायातला एक किलो म्हणजे पाठीवरचे पाच. अनवाणी चालताना पाय हलका असतो हे खरं, मांड्या कमी भरून येतात हेही खरं. पण पाठीवरचा प्रत्येक किलो प्रत्येक खड्यावर वेगळा कळतो. ११ वरून ८ वर या. जमत नसेल तर अंतर कमी करा.

आता चालायचं कसं. बरेच जण सांगतात की टाच टेकवू नका, चवड्यावर चाला. ते धावण्याचं आहे. चालताना माणूस अनवाणी असला तरी टाचच आधी टेकवतो, फक्त आपटत नाही. पाऊल आखूड पडतं, गुडघा थोडा वाकलेला राहतो, आणि टाच टेकल्यावर वजन लगेच पुढे न ढकलता बाहेरच्या कडेवरून हळूच आत उतरतं. हे शिकवावं लागत नाही, खडबडीत जमिनीवर दोन दिवसांत आपोआप येतं. शिकावं लागतं ते उचलणं. पाय सरळ वर उचलायचा, सरळ खाली ठेवायचा. ठेवल्यावर पिळायचा नाही, फरपटवायचा नाही. कातडी टोचण्याने जात नाही, घासण्याने जाते. अनवाणी पायाला फोड आला म्हणजे समजायचं की पाय कुठेतरी घासतोय, बहुधा वळणावर.

नजर तीन-चार पावलं पुढे. पायाखाली बघत राहिलात तर मान जाते आणि डोकं झाडाच्या फांदीला लागतं. पुढचं बघून ठेवायचं आणि पाय तिथे पोचेपर्यंत ते लक्षात ठेवायचं. पहिल्या आठवड्यात ह्यानेच सगळ्यात जास्त थकायला होतं, पायांनी नव्हे. संध्याकाळी मेंदू पिळून निघाल्यासारखा वाटतो.

आणि खडी. नैसर्गिक गोटे त्रास देत नाहीत, ते गोल असतात किंवा निदान बसलेले असतात. खरा शत्रू यंत्राने फोडलेली खडी, जंगलातल्या वाहनरस्त्यांवर टाकतात ती. चारी बाजूंनी धार आणि खाली कडक दाबलेली जमीन, म्हणजे खडा पायाखाली दबून जायलाही जागा नाही. अशा रस्त्याच्या कडेला गवताची पट्टी असते, तिथून चाला. पट्टीही नसेल तर सॅकमधून चपला काढून पायात घाला. लाज वाटून घेऊ नका. पातळ तळाच्या, पट्ट्यांच्या सॅंडल सोबत हव्यातच, आणि सॅकच्या तळाशी नव्हे, बाहेरच्या कप्प्यात. तळाशी ठेवल्या की माणूस 'आता कुठे काढायच्या' म्हणून अर्धा तास जास्त चालतो आणि तो अर्धा तास पुढचे चार दिवस खातो.

शंकासुर | ६ फेब्रुवारी, रात्री ९:२२

कातडी एवढी जाड झाली तर मग स्पर्शच कळत नसेल ना? मग त्या 'पायाला वाट माहीत होण्याचं' काय?

मलमपट्टी | ६ फेब्रुवारी, रात्री १०:१०

चांगला प्रश्न. आम्हालाही पूर्वी तसंच वाटायचं. २०१९ मध्ये 'नेचर' मध्ये ह्यावर अभ्यास आला. केनियातल्या आणि अमेरिकेतल्या माणसांच्या तळव्यांचे घट्टे मोजले. नेहमी अनवाणी चालणाऱ्यांची कातडी जाड आणि कडक होती, पण कंपनं जाणवण्याची संवेदना कमी झालेली नव्हती. कारण घट्टा कडक असतो, तो धक्का गिळत नाही, आतल्या मज्जातंतूंपर्यंत जसाच्या तसा पोचवतो. बुटाचा गुबगुबीत तळ मात्र तो गिळून टाकतो. टोचणं कमी होतं, कळणं कमी होत नाही.

पण काही सक्त सूचना, ह्यावर वाद घालणार नाही. मधुमेह असेल आणि पायांची संवेदना कमी झाली असेल तर घरातसुद्धा अनवाणी नाही. जिथे लोक उघड्यावर शौचाला जातात अशा उबदार, ओलसर मातीत नाही. अंकुशकृमीच्या अळ्या बोटांच्या बेचक्यांतून थेट कातडीत शिरतात, जखम असावी लागत नाही. साचलेल्या, जनावरांच्या वावरातल्या पाण्यात पायाला चीर असताना नाही, लेप्टो (जंतूंमुळे येणारा ताप) होतो. भर उन्हात डांबरावर नाही. दुपारी डांबर ६० अंशांच्या वर जाऊ शकतं आणि तेवढ्या तापमानाला कातडी भाजायला काही सेकंद पुरतात. आणि अंधार पडल्यावर नाही. सर्पदंश बहुतेक पायावर किंवा घोट्याच्या आसपासच होतो.

निवृत्त_पण_भटका | ७ फेब्रुवारी, पहाटे ५:३५

धागा दोनदा वाचला. मधुमेह १४ वर्षांचा, साखर आटोक्यात. महिन्यापूर्वीच तपासणीत डॉक्टरीणबाईंनी डोळे मिटायला सांगून तळव्याला नायलॉनची ती बारीक तार टेकवली. 'लागलं की हो म्हणा,' म्हणाल्या. मी आपला वाट बघत बसलो. त्या म्हणाल्या, 'काका, तीन ठिकाणी टेकवून झालं.'

तर आमचं अनवाणी चालणं आता वाचण्यापुरतंच. पायरव, लिहीत राहा.

मलमपट्टी | ७ फेब्रुवारी, सकाळी ८:०२

काका, त्या तारेने १० ग्रॅमचा दाब पडतो. तेवढा कळला नाही तर खडा रुतलेलाही कळत नाही, म्हणून एवढं कडक सांगतो आम्ही. बूट घालण्याआधी आत हात फिरवून बघत जा, रोज. आणि भटकणं थांबवू नका, नुसती वहाण सोडू नका.

पायरव | ७ फेब्रुवारी, रात्री ९:५८

सगळ्यांचे आभार. काका, तुम्हाला विशेष.

ठरवलं: वजन ८ किलोपर्यंत आणायचं, २३ चे २९ दिवस, बाहेरच्या कप्प्यात सॅंडल. ओलीवाट, एकच राहिलं. काटे आणि भेगा?

ओलीवाट | ७ फेब्रुवारी, रात्री १०:३६

काटा दिवसा लागतो आणि रात्री काढायचा असतो. चालताना टोचलं की लगेच थांबून वरवर दिसणारा काढाच, पण मोडून आत राहिलेल्यामागे वाटेवर लागू नका, उकरून फक्त जखम मोठी होते. मुक्कामाला पाय कोमट पाण्यात १५ मिनिटं बुडवायचे. मग हेडटॉर्च समोरून नव्हे, बाजूने, अगदी तिरपा धरायचा. काट्याच्या जागी बारीक काळा ठिपका असतो आणि तिरप्या उजेडात भोवतीची कातडी किंचित फुगलेली दिसते. सुई ज्योतीवर धरून गार करायची, आणि खुपसायची नाही, आडवी धरून वरचा पापुद्रा काट्याच्या दिशेत चिरत न्यायचा. घट्ट्याला जाणीव नसते, त्यामुळे पहिले दोन पापुद्रे काहीच कळत नाही. काट्याचं टोक मोकळं झालं की दोन अंगठ्यांनी दोन्ही बाजूंनी दाबायचं, तो आपोआप वर येतो. मग चिमट्याने ओढा. निघाला की एक 'टिक्' होतं, आवाज नव्हे, आत कुठेतरी. ज्याने काढलाय त्याला कळेल.

भेगांनी मात्र भल्याभल्यांना घरी पाठवलंय. टाचेच्या कडेला कोरड्या हवेत पडते, ओझ्याने रुंदावते, एकदा लाल झाली की प्रत्येक पावलाला उघडते. रोज रात्री टाचांना व्हॅसलीन चोळून मोजे घालून झोपायचं, घट्ट्याची कड दगडाने घासून सपाट ठेवायची, कारण भेग नेहमी जाड कडेपासून सुरू होते. पडलीच तर मी झटपट डिंक वापरतो, तो थेंबाथेंबाचा, बोटं चिकटवणारा. कडा जुळवून धरायच्या आणि वरून एक थेंब.

मलमपट्टी | ७ फेब्रुवारी, रात्री १०:५९

हे वाचून माझा जीव वरखाली झाला. जखमांसाठीचा वैद्यकीय डिंक वेगळा मिळतो, तो न्या. घरगुती डिंक कातडीला जळजळ करतो. आणि कोणताही डिंक फक्त कोरड्या, उथळ भेगेवर. रक्त किंवा ओल असेल तर आत जंतू कोंडून ठेवल्यासारखं होईल.

ओलीवाट | ७ फेब्रुवारी, रात्री ११:०४

मान्य. (नऊ वर्षं घरगुतीच वापरतोय, पण मान्य.)

खडेबोल | ८ फेब्रुवारी, सकाळी ७:१५

सुई, ज्योत, डिंक. ह्याला छंद म्हणतात! असो. पायरव, जाऊन आलात की खरं काय ते लिहा. 'निसर्गाशी एकरूप झाले' छाप नको.

पायरव | १२ नोव्हेंबर, रात्री ९:२०

धागा वर काढतेय. परत येऊन आठवडा झाला.

खडेबोल, खरं काय ते: ३४० पैकी २१५ किलोमीटर अनवाणी, १२५ सॅंडलमध्ये. २९ नव्हे, ३१ दिवस लागले.

पहिले दहा दिवस सांगण्यासारखं फारसं काही नाही, मातीची आणि मुळांची वाट, पाय खूश. अकराव्या दिवशी १४ किलोमीटरचा वाहनरस्ता लागला, ताज्या खडीचा, कडेला गवताची पट्टी नाही. ओलीवाट यांनी सांगितलं होतं तसं सॅंडल बाहेरच्या कप्प्यात होते. हात तिथपर्यंत गेलाही. पण दहा दिवस कोरे गेले होते ना, वाटलं आता कशाला डाग लावायचा. सहा किलोमीटर गेले. पाचव्यापासून एकही पाऊल नीट पडत नव्हतं, खांदे कानापर्यंत चढलेले, मुठी आवळलेल्या. दरीत काय होतं, आभाळ कसं होतं, काहीच आठवत नाही. आठवतात ते खडे. सहाव्या किलोमीटरला मैलाच्या दगडावर बसले आणि लक्षात आलं की मी बुटात असताना चालायचे तशीच चालतेय, दात-ओठ खाऊन, कधी एकदा संपतंय म्हणत. ज्यासाठी बूट काढले ते तर कधीच गेलं होतं. सॅंडल घातले. तिथून पुढे आकडा मोजणं सोडून दिलं. वरचा २१५ हा घरी येऊन नकाशावरून काढलाय, तोही तुम्ही विचारणार म्हणून.

बाकी थोडक्यात. तीन दिवस सलग पाऊस झाला तेव्हा घट्टे भिजून मऊ पडले, आणि एरवी न जाणवणारी रेतीसुद्धा किसणीसारखी लागायला लागली. ह्याबद्दल कोणीच सांगितलं नव्हतं! पाऊस असेल त्या दिवशी अंतर निम्मं करा. काटे एकूण सात, त्यातला एक मोडून आत राहिलेला. 'टिक्' कळली. भेग एक, डावी टाच, वैद्यकीय डिंक. पायाच्या वरच्या बाजूला एकदा दुखल्यासारखं वाटलं, घाबरून तिथेच दीड दिवस मुक्काम ठोकला. काही नव्हतं, सॅंडलचा पट्टा घट्ट बांधला होता.

ओलीवाट | १२ नोव्हेंबर, रात्री १०:०१

भिजलेल्या घट्ट्यांचं सांगायचं राहिलंच, चूक माझी. दीड दिवस थांबलात हे वाचून सगळ्यात बरं वाटलं.

खडेबोल | १२ नोव्हेंबर, रात्री १०:१८

वृत्तांत पटला. सॅंडलचं वजन किती होतं?

पायरव | १२ नोव्हेंबर, रात्री १०:२५

जोडीचं ३१० ग्रॅम. का हो?

खडेबोल | १२ नोव्हेंबर, रात्री १०:२७

सहज.

आळशी_कासव | १२ नोव्हेंबर, रात्री १०:३३

खडेबोल सॅंडल शोधतायत, स्क्रीनशॉट काढून ठेवलाय.

निवृत्त_पण_भटका | १३ नोव्हेंबर, पहाटे ५:१०

पायरव, अभिनंदन. एक विचारू? पहाटे दवाच्या गवतातून चालत येऊन एकदम कातळावर पाय ठेवला की कसं लागतं? लहानपणी चाललेलो आहे, पण नेमकं आठवत नाही आता.

पायरव | १३ नोव्हेंबर, सकाळी ६:४२

काका, सविसाव्या दिवसाची पहाट सांगते, ती ताजी आहे.

गवतात पाय आधी वरून ओला होतो, तळवा नंतर. पाती बोटांच्या मधून सुटताना ओढल्यासारखी लागतात, आणि दोन-तीन मिनिटांत बोटं इतकी गार पडतात की ती वेगवेगळी आहेत हे कळत नाही. मग कातळ. तो आधी गार लागत नाही, आधी खरखरीत लागतो, मांजराच्या जिभेसारखा. ओला पाय त्याला किंचित चिकटतो, उचलताना बारीकसा आवाज येतो. गारवा एका पावलाने उशिरा येतो, टाचेतून, आणि पोटरीपर्यंत चढतो. कातळाचा उन्हाकडचा भाग तेवढ्यात थोडा तापलेला असतो. कुठून तापलाय ती रेषा डोळ्यांना दिसत नाही, पण डावा पाय अलीकडे आणि उजवा पलीकडे पडला की कळते. मी त्या रेषेवर मागेपुढे चार-पाच वेळा चालले. मागून एक काका येत होते, ते विचारायला लागले, काही हरवलंय का.